आरती म्हणतात, मग पाणी का मागता येत नाही?

प्रश्न थोडक्यात असा: "माझे बाबा ६४ वर्षांचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आम्ही साताऱ्याला राहतो. अडीच महिन्यांपूर्वी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय गेला. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये 'लेफ्ट एमसीए इन्फार्क्ट' लिहिलंय. आता काठी घेऊन चालतात, पण बोलणं फक्त 'हे... ते... नाही' एवढंच. 'हो'च्या जागी 'नाही' म्हणतात, मला आईच्या नावाने हाक मारतात. संध्याकाळी मात्र गणपतीची आरती पूर्ण म्हणतात, एक ते वीस आकडेही म्हणतात. त्यामुळे काकांना वाटतं की बाबा मनावरच घेत नाहीत. कुणी जिभेला अक्कलकारा चोळायला सांगतात. डॉक्टर म्हणाले, बोलणं हळूहळू येईल. त्यांना आमचं बोलणं कळतं का? कधी बोलतील? पुढच्या महिन्यात भाचीचं लग्न आहे, न्यावं का? आणि हल्ली चहा पिताना ठसका लागतो, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?"

ताई, तुम्ही सगळ्यात शेवटी सहज विचारलेल्या ठसक्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या गोष्टींत आठवडाभर उशीर झाला तरी चालेल, यात चालणार नाही. हो, संबंध आहे. बोलायला जे ओठ, जीभ, टाळू आणि घसा लागतात तेच गिळायलाही लागतात, आणि मेंदूच्या झटक्यात दोन्ही एकदम बिघडणं नेहमीचं आहे. घरच्यांना वाटतं की पोळी-भात घट्ट म्हणून अवघड आणि चहा-पाणी पातळ म्हणून सोपं. बहुतेक वेळा उलट असतं. पातळ पदार्थ तोंडात थांबत नाही, श्वासनलिकेचं दार मिटायच्या आत घशात उतरतो आणि त्यातला थोडा चुकीच्या वाटेने जातो. ठसका लागतोय म्हणजे शरीर निदान तो घोट बाहेर फेकायचा प्रयत्न तरी करतंय. काही पेशंटना ठसकासुद्धा लागत नाही, आणि पाणी मुकाट्याने फुप्फुसात जात राहतं. पाणी प्यायल्यावर आवाज ओला, घुळघुळ येतो का, जेवायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतो का, मधूनच बारीक ताप येतो का, वजन उतरलंय का, हे पाहा. यातलं काहीही असेल तर या आठवड्यातच गिळण्याची तपासणी करून घ्या. ती स्पीच थेरपिस्टच करतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

तोपर्यंत त्यांना पलंगावर रेलून काहीही देऊ नका. खुर्चीत ताठ बसवा, टीव्ही बंद करा, घोट लहान द्या, एक गिळून झाल्यावरच दुसरा द्या, आणि तोंडात घास असताना त्यांना बोलतं करू नका. जेवण झालं की उजवा गाल आतून पाहा. ती बाजू लुळी असल्याने भाताची शितं तिथे साठून राहतात आणि त्यांना पत्ताही लागत नाही. जेवणानंतर अर्धा तास बसूनच राहू द्या. दोन वेळा दात आणि जीभ साफ करा, कारण फुप्फुसात जाणाऱ्या थेंबाबरोबर तोंडातले जंतूही जातात आणि न्यूमोनिया त्यातूनच होतो. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायची युक्ती कुणी सांगितली असेल तर तपासणीआधी करू नका. ती काहींना उपयोगी पडते आणि काहींना अपाय करते.

आता आरतीबद्दल. तुमच्या काकांना हे वाचून दाखवलंत तरी चालेल. मी स्पीच थेरपिस्ट म्हणून इतकी वर्षं काम करतेय आणि जवळजवळ प्रत्येक घरात कुणी ना कुणी हेच म्हणतं: "सगळं येतंय, बोलायचं नाहीये." पेशंटवर याच्याइतका अन्याय दुसरा नाही.

लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली गोष्ट, मग ती आरती असो, पाढे असोत, वारांची नावं असोत की "नमस्कार, कसं काय", म्हणताना आपण वाक्य तयार करत नाही. पहिला शब्द सुटला की त्याच्यामागून दुसरा आपोआप येतो. "मला पाणी दे" म्हणताना मात्र मेंदूला प्रत्येक वेळी नव्याने काम करावं लागतं: काय हवंय ते ठरवायचं, त्याचा शब्द शोधायचा, त्याला प्रत्यय लावायचा, क्रमाने मांडायचं, आणि मग तोंडाला हुकूम द्यायचा. पाठ असलेलं बोलणं आणि स्वतः घडवलेलं बोलणं यांतला हा फरक लंडनच्या जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवला आहे. पाठ असलेल्या बोलण्यात मेंदूचा उजवा भाग आणि खोलवरची केंद्रं बराच भार उचलतात. बाबांच्या मेंदूचा तो भाग शाबूत आहे, म्हणून आरती येते.

काकांची खात्री पटवायची असेल तर बाबा निवांत असताना, चारचौघांत नव्हे, एक साधी गोष्ट करून पाहा. सात बोटं दाखवून "किती?" विचारा. बहुधा ते अडतील, किंवा एक, दोन, तीन करत सातपर्यंत चढत जातील, आणि कदाचित तिथे न थांबता आठ, नऊ, दहा असे पुढेही निघून जातील. सुटा 'सात' हातात येत नाही, साखळी मात्र अख्खी येते. यात मनावर घेण्या-न घेण्याचा प्रश्नच नाही. आणखी एक सांगून ठेवते. जन्मात ज्यांनी वावगा शब्द काढला नाही अशा माणसांच्या तोंडून झटक्यानंतर शिव्या निघतात. त्याही याच आपोआप येणाऱ्या बोलण्यातल्या असतात. तसं झालंच तर मनाला लावून घेऊ नका आणि त्यांना रागावू नका. शब्द तोंडातून गेल्यावर सगळ्यात जास्त लाज त्यांनाच वाटलेली असते.

रिपोर्टमधल्या त्या तीन शब्दांचा अर्थ सांगते. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त नेणारी एक मोठी धमनी तुंबली आणि तिच्यावर जगणारा भाग रक्ताविना मेला. हीच धमनी उजव्या हाताला आणि चेहऱ्याला हलवणाऱ्या भागाला रक्त देते आणि भाषेच्या भागालाही देते, म्हणून उजवा हात आणि बोलणं जोडीने जातात. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातल्या सुमारे ९५ जणांची भाषा डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांतही सुमारे ७० जणांची तिथेच असते.

बोलणं बिघडलं की आपण सरसकट "वाचा गेली" म्हणतो. पण नेमकं काय गेलं हे ओळखल्याशिवाय पुढचा सगळा खटाटोप आंधळा ठरतो. माझ्याकडे येणारे निम्मेअधिक नातेवाईक चुकीचा व्यायाम महिनोन्‌महिने मन लावून करून आलेले असतात.

एक म्हणजे भाषाच तुटते. त्याला वाचाघात किंवा अफेजिया म्हणतात. इथे जीभ हलते, आवाज असतो, पण शब्द सापडत नाहीत, सापडले तर भलतेच सापडतात, किंवा समोरच्याचे शब्द कानावर पडूनही त्यांचा अर्थ लागत नाही. ध्यानात ठेवायची गोष्ट ही की भाषा तुटते तेव्हा लिहिणं-वाचणंही तुटतं. "बोलता येत नाही ना, मग लिहून दाखवा" म्हणत वही-पेन पुढे ठेवतात, आणि पेशंट एक रेघ ओढून पेन खाली ठेवतो. उजवा हात लुळा हे त्याचं अर्धंच कारण. डावा हात धडधाकट असला तरी लिहायला शब्दच हाताशी नसतो.

दुसऱ्या प्रकारात भाषा शाबूत असते, पण ओठ-जीभ-घशाचे स्नायू दुबळे, ताठ किंवा बेताल होतात. याला डिसार्थ्रिया म्हणतात. बोलणं जड, बोबडं, नाकातलं येतं, पण वाक्य व्याकरणशुद्ध असतं, आणि हाताला इजा नसेल तर असा माणूस उत्तम लिहितो, मोबाइलवर टाइपही करतो. आम्ही अशा पेशंटला "प-ट-क, प-ट-क" भरभर म्हणायला लावतो. 'प'ला ओठ, 'ट'ला जिभेचा शेंडा, 'क'ला जिभेचा मागचा भाग लागतो, त्यामुळे कुठला स्नायू मागे पडतोय ते कानालाच कळतं. पार्किन्सनमध्ये, म्हणजे कंपवातात, हाच त्रास वेगळ्या रूपात दिसतो. आवाज इतका बारीक होतो की बायको म्हणते "मोठ्याने बोला" आणि नवरा म्हणतो "तुलाच ऐकू येत नाही". त्याला स्वतःचा आवाज खरोखरच पुरेसा मोठा वाटत असतो. त्यासाठी मोठा आवाज काढायची एक ठरलेली थेरपी आहे. आठवड्यातून चार दिवस असे चार आठवडे ती करतात, आणि ज्यांना जमेल त्यांनी ती जरूर करावी.

तिसरा प्रकार घरच्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतो. शब्द डोक्यात असतो, स्नायूंत ताकद असते, पण कुठली हालचाल कुठल्या क्रमाने करायची ही आखणीच हरवते. अप्रॅक्सिया. असा माणूस 'चमचा' म्हणायला जातो, ओठ चाचपडतात, "तमचा... मचचा... चच..." असं दर वेळी वेगळं चुकतं. आपलं चुकतंय हे त्याला समजतं, तो वैतागतो, आणि दुसऱ्याच क्षणाला दारात आलेल्या शेजाऱ्याला स्वच्छ "या, बसा" म्हणतो!

तुम्ही लिहिलंय त्यावरून बाबांना मुख्यतः पहिला प्रकार आहे, थोडा तिसराही असू शकेल. कागदावरून याहून पुढे जाऊन निदान करणं योग्य नाही. पण नावांची अदलाबदल आणि हो-नाहीची गल्लत ही भाषा तुटल्याची खूण आहे. तुम्हाला आईच्या नावाने हाक मारतात म्हणजे तुम्हाला ओळखत नाहीत असं मुळीच नाही. मुलगी, आई, बहीण ही नावं मेंदूत शेजारीशेजारी असतात, आणि हात घातला की शेजारचं नाव हाताला लागतं. चुकीचंच लागलं, तरी ते घरातल्या बाईचंच लागलं आणि एसटीतल्या साहेबाचं लागलं नाही, यातच ओळख दिसते.

या शास्त्राची सुरुवातच अशा एका माणसापासून झाली. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाचा एक पेशंट एकवीस वर्षं होता. त्याला जवळपास एकच शब्द म्हणता यायचा, "तां". विचाराल त्याला उत्तर "तां, तां". पण लोकांचं बोलणं त्याला बरंच समजायचं आणि हातवारे करून तो उत्तरं द्यायचा. १८६१ च्या एप्रिलमध्ये तो गेला तेव्हा पॉल ब्रोका या शल्यविशारदाने त्याचा मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागातली इजा दाखवून दिली. तो भाग आजही ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निके या सव्वीस वर्षांच्या जर्मन डॉक्टरने उलट्या प्रकारचे पेशंट वर्णन केले: ते भरभर, सुरात बोलतात, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणं समजत नाही. त्यांची इजा मागे, कानाच्या बाजूला होती. पाठ्यपुस्तकांत आजही ही जोडी आहे. पण लबोर्न्यचा मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला आहे, आणि अलीकडे, २००७ मध्ये, त्याचे स्कॅन प्रसिद्ध झाले तेव्हा दिसलं की इजा ब्रोकाने पाहिली त्यापेक्षा बरीच खोल, भागाभागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती. भाषा एका ठिकाणी ठेवलेली नसते, ती मेंदूभर पसरलेल्या जाळ्याने चालते. मला या गोष्टीचं महत्त्व इतिहासापेक्षा उपचारासाठी जास्त वाटतं. जाळ्याचा एक भाग गेला तर उरलेल्या भागांना काम शिकवता येतं.

"त्यांना कळतं का?" हा तुमचा सगळ्यात मोलाचा प्रश्न. घरचे दोन टोकांना असतात. काहींना वाटतं सगळं कळतं, काहींना वाटतं काहीच कळत नाही. पहिली चूक जास्त दिसते. तुम्ही ताट वाढून, हाताने खुणावून "बाबा, जेवायला चला" म्हणता आणि ते उठतात. ते शब्दांमुळे उठले की ताट बघून, हे कसं सांगणार? म्हणून हात न हलवता, डोळे दुसरीकडे न वळवता विचारा. "आपण साताऱ्यात राहतो का?" थोड्या वेळाने "आपण नागपुरात राहतो का?" असे दहाबारा प्रश्न हो-नाही मिसळून, दोन वेगवेगळ्या दिवशी विचारा. तोंडाने 'हो'च्या जागी 'नाही' निघतं म्हणता, तर कागदावर एकीकडे मोठी ✓ आणि दुसरीकडे ✗ काढून बोट ठेवायला सांगा. कागद थोडा डावीकडे धरा. अशा झटक्यात कित्येकांची उजवीकडची नजरही जाते, आणि उजवीकडे ठेवलेली वस्तू त्यांना दिसतच नाही. चष्मा लावलाय ना, तेही पाहा. बोटाने बरोबर आणि तोंडाने चूक येत असेल तर कळतंय, फक्त शब्द उलटा निघतोय. मग आजपासून घरात सगळ्यांनी बोटावर विश्वास ठेवायचा.

आणि एवढं मात्र नक्की: शब्द कळण्यात कमी-जास्त असलं तरी माणूस कळतो, अपमान कळतो, आपल्याला वगळून निर्णय घेतले जाताहेत हे कळतं. त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल "हे" म्हणून बोलू नका. पेन्शनचा विषय असेल तर पासबुक त्यांच्यापुढे उघडून बोला. दोन पर्याय लिहून दाखवा आणि बोट ठेवू द्या. भाषा गेलेल्या माणसाची अक्कल गेली असं धरून त्याचे सगळे व्यवहार काढून घेतात, हे मी फार पाहिलंय आणि ते पाहून मला अजूनही संताप येतो.

बोलायची रीत बदला, त्याने औषधाइतका फरक पडेल. समोर, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. एका वेळी एकाच माणसाने बोलावं. वाक्य छोटं, पण लहान मुलाशी बोलल्यासारखं लाडिक नको. "दूध हवं की चहा?" असे दोन पर्याय द्या, दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांत लिहून. मग थांबा. हे थांबणं घरच्यांना सगळ्यात कठीण जातं. तीन सेकंद शांतता झाली की आपण दुसरा प्रश्न टाकतो, आणि पहिल्या प्रश्नासाठी मुश्किलीने गोळा केलेला शब्द विस्कटतो. मनात दहापर्यंत मोजा. शब्द अडला तर तो लगेच पुरवू नका, पहिलं अक्षर द्या. कप दाखवून "च..." एवढंच म्हटलं की पुष्कळदा 'चहा' बाहेर पडतो, आणि तो स्वतःचा असतो. नाहीच आला तर तुम्ही सहज म्हणा आणि पुढे जा. पाहुणे आले की "बाबा, हे कोण सांगा? हे काय सांगा?" अशी परीक्षा घेणं आजपासून बंद.

व्यायामासाठी बाजारातले ए-फॉर-ॲपलचे तक्ते आणू नका. सफरचंदाचं चित्र ओळखून चौसष्ट वर्षांच्या कंडक्टरला काय मिळणार? त्यांचं आयुष्य हीच त्यांची पाठ्यपुस्तकं. त्यांनी पुणे-सातारा मार्गावर काम केलं असेल तर एका कागदावर रस्ता काढा: स्वारगेट, कात्रज, खेड शिवापूर, शिरवळ, खंडाळा, सातारा. ही नावं त्यांनी किती हजार वेळा पुकारली असतील! आधी सगळी ओळीने त्यांच्यासोबत म्हणा, मग शिरवळपाशी तुम्ही थांबा आणि पुढचं त्यांना म्हणू द्या, मग क्रम मोडून नुसत्या 'कात्रज'वर बोट ठेवा. साखळीतून सुटा शब्द काढायला शिकवायचं ते असं. मोबाइलमध्ये घरातल्यांचे, देवाचे, औषधांचे, चहाच्या टपरीवरच्या मित्रांचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा. बोलता आलं नाही तर दाखवता येईल. "मग बोलायची सवयच लागणार नाही" अशी भीती लोकांना वाटते. तसं होत नाही. सांगितलेलं पोचतंय म्हटल्यावर माणसाला बोलायची हिंमत येते.

आरतीचा उपयोग होतो का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असेल. आरती जरूर म्हणू द्या. श्वास, आवाज आणि उमेद तिन्ही टिकतात. पण रोज दहा आरत्या म्हटल्याने पाणी मागता येणार नाही. सुराचा आधार घेणारी एक थेरपी १९७३ पासून प्रचलित आहे. तिच्यात गाणी म्हणत नाहीत, रोजची वाक्यं सुरावर बसवतात. "पाणी हवंय" हे दोन स्वरांवर, लांबवून, डाव्या हाताने टेबलावर ठेका देत, आधी थेरपिस्टबरोबर, मग एकट्याने म्हणायचं आणि हळूहळू सूर काढून घ्यायचा. ज्यांना समजतं बरं पण बोलणं तुटक आहे अशांपैकी काहींना तिचा चांगला फायदा होतो. तुमचे बाबा त्यात बसतील असं वाटतं, पण तपासणीनंतरच ठरवावं.

अक्कलकारा, वेखंड यांनी जिभेला झिणझिण्या येतात, लाळ सुटते. बिघाड जिभेत नाही, मेंदूत आहे. शिवाय ज्याला ठसका लागतो त्याच्या तोंडात लाळ वाढवणारं काहीही घालणं धोक्याचं. कुणाचं मन मोडायचं नसेल तर पुडी घ्या आणि कपाटात ठेवा. भाषा परत आणणारी गोळीही नाही. रक्तदाब, साखर आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र एकही दिवस चुकवू नका. त्या बोलणं आणण्यासाठी नसतात, दुसरा झटका टाळण्यासाठी असतात.

"हळूहळू येईल" हे डॉक्टरांचं वाक्य अर्धं खरं आहे. पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, आणि तुमचा हा काळ संपत आलाय. म्हणून वाट पाहू नका, पण "तीन महिने गेले, आता संपलं" असंही धरू नका. जर्मनीत झटक्याला सहा महिन्यांहून जास्त काळ लोटलेल्या दीडशेहून अधिक पेशंटना आठवड्याला किमान दहा तास, असे तीन आठवडे थेरपी देऊन पाहिली. २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. ज्यांना थेरपी लगेच दिली त्यांचं रोजचं बोलणं सुधारलं, आणि ज्यांना तोवर नुसतं थांबायला सांगितलं होतं त्यांचं त्या काळात सुधारलं नाही. आपल्याकडे आठवड्यातून एकदा अर्धा तास थेरपी आणि बाकी सहा दिवस शांतता असं चालतं. त्याने फार काही होत नाही. रोज घरी पाऊण-एक तास, दोन-तीन तुकड्यांत, थकायच्या आधी थांबून करा. कधी बोलतील याची तारीख मी देणार नाही, जो देईल त्याच्यापासून जपा. इजा किती मोठी आणि सुरुवातीला भाषा किती गेली यावर पुष्कळ ठरतं. पूर्वीसारखं गडगडून बोलणं कदाचित येणार नाही. पण आपल्याला काय हवंय ते सांगता येणं, फोनवर "मी बरा आहे" म्हणता येणं, हे मी पुष्कळांच्या बाबतीत होताना पाहिलंय.

थेरपिस्ट निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालयाचा विभाग, पुण्यात भारती विद्यापीठ, आणि लांब जायची तयारी असेल तर म्हैसूरची १९६५ पासूनची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था इथे हे काम चालतं. जवळ कुणी नसेल तर भाषेची थेरपी व्हिडिओ कॉलवरही बऱ्यापैकी होते, गिळण्याची तपासणी मात्र प्रत्यक्षच व्हायला हवी. थेरपी घरात बोलता त्याच मराठीत व्हावी. मुलं परदेशात किंवा बंगळुरूत असलेल्या कुटुंबांनाही हेच सांगते. ज्यांना दोन-तीन भाषा येतात त्यांच्या साधारणपणे सगळ्याच भाषांना धक्का बसतो. काहींची एखादी भाषा आधी परत येते, आणि ती आईकडून आलेलीच असते असंही नाही. जी येतेय तिला येऊ द्यावं. तसंच, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचाघातामुळे आलेलं कायमचं अपंगत्व स्पष्ट धरलं आहे. सुधारणा थांबल्यावर त्याच्या प्रमाणपत्रासाठी सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा.

झटक्यानंतर तिघांतल्या एकाला तरी नैराश्य येतं, आणि ज्याला बोलता येत नाही त्याचं ते लक्षातही येत नाही. जेवण सुटलं, झोप उडाली, भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, आणि मन उभं राहिल्याशिवाय थेरपी पुढे सरकत नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट. बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर "बीपी वाढलं असेल, सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्या. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ही वेळ माणूस शेवटचा धड दिसला तेव्हापासून मोजतात. वाटेत पाणी, साखर, गोळी काहीही तोंडात घालू नका. झटका गुठळीचा आहे की रक्तस्रावाचा, हे स्कॅनशिवाय कळत नाही. आणि दहा मिनिटांत बोलणं परत आलं तरी जा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो. याउलट, झटका न येता शब्द महिनोन्‌महिने हळूहळू हरवत असतील, तर तो वेगळा आजार असू शकतो. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या घरच्यांनी २०२२ मध्ये आधी अफेजिया सांगितला आणि २०२३ मध्ये मेंदूच्या झिजेचं निदान जाहीर केलं. अशा वेळी मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायला हवं, "वय झालं" म्हणून सोडू नये.

भाचीच्या लग्नाला बाबांना जरूर न्या. पण आधी त्यांना पत्रिका दाखवून विचारा, यायचं की नाही ते त्यांनाच बोटाने ठरवू द्या. बँड आणि स्पीकरपासून लांब, भिंतीला पाठ लागेल अशी खुर्ची पाहा. गोंगाटात त्यांना निम्मंही कळणार नाही. नातेवाईक एकेक, फार तर दोघे येऊन बसोत. खिशात एक कार्ड ठेवा: "मला झटक्यामुळे बोलायला अडचण येते. मला समजतं. थोडा वेळ द्या." नवरानवरीसाठी "सुखी राहा" एवढंच वाक्य आतापासून रोज म्हणून घ्या, नाही जमलं तर डोक्यावर ठेवलेला डावा हात पुरे आहे. पंगतीत घाईने जेवू घालू नका, ठसक्याचं आधी सांगितलंय. आणि थकले की बोलणं आणखी बिघडतं, म्हणून अक्षता पडल्या, भेटीगाठी झाल्या की तासा-दोन तासांत एकाने त्यांना घेऊन घरी निघावं.